सांजेची अठ्ठेचाळीस मिनिटं

१

"मेल मी नाय केला, भागूभाऊ. आईशप्पथ नाय केला."

वृषाली हे मला चौथ्यांदा सांगत होती. रडून रडून डोळे सुजलेले, ओढणीचं टोक चुरगळून पार दोरी झालेलं. नारायणगावच्या बाजारपेठेत जिनेशचं सायबर कॅफे आहे, तिथं शनिवारी दुपारी आम्ही उभे होतो. साल दोन हजार सहा, महिना नोव्हेंबर. मी खरं तर गेलो होतो नेटची तक्रार बघायला. माझा धंदाच तो. जुन्नरपासून पेठपर्यंत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की भागूला बोलवा. माझं तोंड वाईट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्या पोरीला मी हळूच म्हटलं, पहिल्यापासून सांग.

झालं होतं ते असं. वृषाली आणे पठारावरच्या चांगदेवची थोरली मुलगी. कॉम्प्युटरची पदविका केली, पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली, मंगळवारी हजर व्हायचं होतं. भावकीनं नाकं मुरडली तरी चांगदेव हटला नाही. पोरीसाठी नवी बॅगसुद्धा आणून ठेवली त्यानं. आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा पंचवीसला तिच्याच खात्यातून कंपनीला मेल गेला, की मला ही नोकरी नको.

शनिवारी सकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा हिला कळलं. ही रडली, ओरडली. त्या बाई म्हणाल्या, मेल तुझ्याच खात्यातून आलाय आणि नारायणगावच्या या कॅफेच्या कनेक्शनवरून आलाय, आमच्या माणसानं तपासलं. कुणी खोडी केली असेल तर ज्यानं केली त्याच्याकडून तसं लिहून येऊ दे. सोमवारी सकाळी दहापर्यंत थांबते, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावते.

चांगदेव बाकड्यावर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"भाऊ, पोरगी आता गेली न्हाई तर भावकी म्हणंल, बघा, आमी सांगत व्हतो. माघात लगीन लावा अन् मोकळं व्हा म्हणतील. मला बी मंग दुसरं काय सुचायचं न्हाई."

"लग्न? कुणाशी?"

"स्वराजशी. माझ्या बहिणीचं पोरगं." तो उठला. "शुक्रवारी हितंच, हिच्या शेजारच्या मशिनीवर बसला व्हता त्यो. त्यानंच केलंय. आज त्याला मी सोडत न्हाई."

२

चांगदेवच्या आधी मी स्वराजला गाठलं. नारायणगाव ते आणे अशी तो जीप चालवतो. स्टँडवर बॉनेटला टेकून उभा होता, आणि मला बघून त्यानं सरळ तंबाखू थुंकली.

"तिनं जाऊ नये असं मला वाटत व्हतं. तोंडावर सांगितलंय तिला. पण चोरून मेल? राव, मला मेल कसा करत्यात ते बी ठाव न्हाई. मी तिथं गेम खेळत बसलो व्हतो."

"नेटवर?"

"मशिनीतली गेम. नेट कुठं व्हतं तवा? सहाला गेलं. वृषाली शेजारी बसून नुसतं पांढरं पान बघत व्हती. पावणेसातला मीच म्हणलं चल, जीप सुटायचीय. मामा माझी गचांडी धरायला येनार ना? येऊ दे. मला लई वाईट वाटतंय भाऊ, ती माझ्याकडं बघत बी न्हाई आता."

पोरगा उद्धट खरा, पण खोटं बोलणारा माणूस आपल्यावर संशय येईल अशी गोष्ट आधी सांगत नाही. मी कॅफेत परतलो आणि वृषालीला बाजूला घेतलं.

"तू शुक्रवारी कशाला आली होतीस?"

"कंपनीनं हजर व्हायचा पत्ता मेलवर धाडते म्हणून सांगितलं व्हतं. तो बघायला. पण खातं उघडलंच नाय. नेट गेलं ते मी निघेपर्यंत आलं नाय."

"पासवर्ड कुणाला माहीत?"

"वहीत लिहिलाय. वही टेबलावरच व्हती." ती घुटमळली. "स्वराजनं बघितला आसंल. जिनेशभाऊ पण येऊन-जाऊन करत व्हते."

"आणि खातं कुणी काढून दिलं?"

"डिंपलनं. जिनेशभाऊंची बहीण. आमी एकाच वर्गात व्हतो. ती नसती तर मला माऊस पण धरता आला नसता." डिंपलचं नाव घेताना तिच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता उजेड आला.

राहिला जिनेश. त्याला म्हटलं, तुझ्या कॅफेतून मेल गेलाय, तू काय म्हणतोस? तो बिचारा घामाघूम झाला. गल्ल्याखालून एक वही काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली.

"भागूभाऊ, महिना झाला, रोज संध्याकाळी नेट जातं. टेलिफोनवाल्यांना दाखवायला मी वेळा लिहून ठेवल्यात. बघा, सोमवार सहा पाच ते सहा त्रेपन्न. मंगळवार तसंच. शुक्रवारीपण सहा चार ते सहा बावन्न. गिऱ्हाईकं शिव्या देऊन जातात. मग सहा पंचवीसला मेल गेलाच कसा माझ्या कॅफेतून?"

वही मी दोनदा वाचली. तीन माणसं तीन तऱ्हेनं एकच सांगत होती: त्या वेळी दुकानात नेट नव्हतं. आणि कंपनी सांगत होती की मेल इथूनच आला. दोन्ही खरं असेल तर माझी अक्कल कमी पडत होती, आणि मला त्याचा राग येतो.

"मी सहापर्यंत बसतो," म्हटलं. "बघू कसं जातं ते."

बरोबर सहा वाजून तीन मिनिटांनी चारही मशिनींवरचं नेट गेलं.

३

जिनेशची जोडणी साधी होती. टेलिफोनची तार दुकानामागच्या त्यांच्या घरात येते. तिथं मुख्य कॉम्प्युटर. तो नेट घेतो आणि एका वायरीनं पुढं दुकानातल्या चार मशिनींना वाटतो. घरच्या टाकीतून चार नळ काढावेत तसं. पूर्वी तो मुख्य कॉम्प्युटर गल्ल्यावरच होता, पण उंदरांनी वायरी कुरतडल्या म्हणून महिन्यापूर्वी आतल्या खोलीत नेला.

मी तपासलं. दुकानातल्या चारही मशिनी एकमेकींना दिसत होत्या. म्हणजे वायरी ठीक, मधला डबा ठीक. मुख्य कॉम्प्युटर मात्र कुणालाच दिसत नव्हता. म्हणजे रोग आत होता. मी उठलो तसा जिनेश आडवा आला.

"आत्ता नको, भागूभाऊ. दादी सामायिकात बसलीय."

"कशात?"

"आम्हा जैनांत असतं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं आणि मग सामायिक, म्हणजे ध्यानाला बसायचं. तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, एका जागी, अठ्ठेचाळीस मिनिटं. दिवाबत्ती काही चालत नाही, उठायचं नाही, संसारातलं बोलायचं नाही. त्या वेळात खोलीत कुणी जात नाही."

"दिवाबत्ती चालत नाही म्हणजे? कॉम्प्युटर?"

"तो यूपीएसवर आहे की. वीज गेली तरी चालू राहतो."

मी कपाळावर हात मारला. अठ्ठेचाळीस मिनिटं मुकाट बसलो. नेट आल्यावर आत गेलो. कस्तुरबाई, म्हणजे जिनेशची दादी, बैठक गुंडाळत होत्या. पंचाहत्तरीच्या, काटक बाई. त्यांच्याजवळ डिंपल उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. यूपीएसनं एकदा आवाज केला आणि कॉम्प्युटर जागच्या जागी मेला. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली होती.

"आजी, बसायच्या आधी हे बटण तुम्हीच बंद करता ना?"

"रोज," त्या म्हणाल्या. "उठल्यावर लावते. का, बिघडलं काही?"

जिनेशचं तोंड बघण्यासारखं झालं. महिनाभर पोरगा टेलिफोन ऑफिसात भांडत होता. बिघाड दहा पावलांवर होता, पण त्या वेळात तिथं जायचं नाही हा घरचा रिवाज. आणि जायची वेळ होईस्तोवर दादीनं बटण लावलेलं, सगळं सुरळीत.

नेटचा रोग सापडला. पण आता मला वेगळाच प्रश्न पडला. रोज त्या वेळात मुख्य कॉम्प्युटर बंद असतो, मग शुक्रवारचा मेल गेला तो कुठून?

कॉम्प्युटर चालू झाला की स्वतःजवळ वेळेची नोंद ठेवतो. लोकांना ते ठाऊक नसतं. मी नोंदी उघडल्या. सोमवारी सहा त्रेपन्नला चालू झाला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, एखाद्या मिनिटाच्या फरकानं तेच. आज शनिवार, तेच. शुक्रवारी नोंदच नव्हती. शुक्रवारी तो बंदच झाला नव्हता.

मग दुकानातलं नेट का गेलं? मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट फिरवलं. मागं महिन्याची धूळ साचलेली. फक्त दुकानाकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाभोवती बोटांनी पुसलेलं होतं.

कुणीतरी नळ तोडला होता, आणि टाकीतलं पाणी एकट्यानं वापरलं होतं.

४

रविवारी सकाळी मी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. पुनमचंदशेठ, म्हणजे जिनेश-डिंपलचे वडील, किराणा दुकान उघडायचं सोडून आले म्हणून घुश्श्यात होते. त्यांची बायको वारलेली; घरात बायका दोघीच, कस्तुरबाई आणि डिंपल, त्याही तिथंच होत्या. चांगदेव आणि वृषाली दाराशी उभे होते. स्वराजला मी मुद्दाम आणलं नाही. त्याचा यात काही संबंध नव्हता, आणि ते मी चांगदेवला पहिल्यांदा सांगितलं.

"दुकानात बसलेल्या कुणीच हा मेल केलेला नाही. ना वृषालीनं, ना स्वराजनं, ना जिनेशनं. तिथं त्या वेळी नेट नव्हतंच. मेल गेला तो या खोलीतून. दुकानाची वायर काढून, म्हणजे पलीकडं बसलेल्या वृषालीला स्वतःचं खातं उघडता येऊ नये."

"तोंड सांभाळून बोला," शेठ म्हणाले. "या खोलीत त्या वेळी माझी आई असते."

"आजींना माऊस धरता येत नाही, शेठ. त्यांच्याबद्दल मी काही म्हणत नाही. आधी तो मेल तर ऐका. तुम्ही बघितलाय का?"

"मी कशाला बघू? लोकांच्या भानगडी."

वृषालीनं मेलची प्रत काढून आणली होती. मी वाचायला लागलो.

"'महोदय, आपण केलेल्या निवडीबद्दल मी आभारी आहे. तथापि घरगुती अडचणींमुळे मी ही संधी स्वीकारू शकत नाही. आपल्या संस्थेबद्दल मला आदर आहे...'"

"'...तरी माझ्या जागी अन्य योग्य उमेदवाराचा विचार व्हावा, ही नम्र विनंती,'" शेठ पुटपुटले.

मी कागदाकडं पाहिलं. पुढचं वाक्य अगदी तेच होतं, शब्दाला शब्द.

"शेठ," मी म्हटलं, "न बघितलेल्या मेलचं पुढचं वाक्य तुम्हाला कसं पाठ?"

चांगदेवनं पाऊल पुढं टाकलं. "तुमी? तुमी केलं हे?"

पुनमचंदशेठ पांढरे पडले. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते डिंपलकडं बघत होते.

५

"पप्पांनी नाही केला," डिंपल म्हणाली. "त्यांनी फक्त सांगितला होता. महिन्यापूर्वी. माझ्यासाठी."

तिनं कुणी न सांगता कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडलं आणि आम्हाला दाखवलं. ऑक्टोबरमधला मेल. तीच कंपनी, तोच मजकूर, खाली नाव डिंपल पुनमचंद. निवड तिचीही झाली होती. वृषालीच्याही आधी, पहिल्या यादीत.

"पप्पा म्हणाले आपल्या घरातल्या मुली नोकरीला जात नाहीत. इथंच बसून त्यांनी एकेक शब्द सांगितला आणि मी टाईप केला. मग जागा रिकामी झाली आणि वृषालीला पत्र आलं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "रोज यायची ती. बॅग आणली, पुण्यात खोली बघितली, सगळं मलाच सांगायची. शुक्रवारी मी दादीला म्हटलं, आज बटणं मी बंद करते. दिवा बंद केला, पंखा बंद केला, हा कॉम्प्युटर नाही केला. मग वायर काढली. तिचं खातं मीच काढून दिलेलं, पासवर्ड मला ठाऊक होता. दुसरा मजकूर मला सुचला नाही. तोच घातला आणि खालचं नाव बदललं."

"तुझं पत्र आलं व्हतं?" वृषाली पुढं आली. "मला का नाय सांगितलंस गं?"

"सांगून काय झालं असतं?"

मला त्या क्षणी दोघींचीही इतकी दया आली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. माझ्या या शहाणपणाचा मला पहिल्यांदा वीट आला.

मुद्दा मात्र सुटला नव्हता. कंपनीला लिहून कोण देणार? शेठ अडून बसले. मुलीच्या नावानं असला कबुलीजबाब लिहून दिला तर उद्या तिला कोण करून घेईल? कुणीतरी अनोळखी खोडसाळ माणूस होता असं लिहा, मी सही करतो, म्हणाले. चांगदेव काकुळतीला आला. "शेठ, त्या बाईला करणाऱ्याच्याच हातचं लिवलेलं पायजे. माझ्या पोरीचं वाटोळं व्हईल वो."

तेव्हा कस्तुरबाई बोलल्या.

"मी पाहिलं होतं, पुनम."

"आई, तू यात पडू नकोस."

"अंधारात बसले होते. समोर या डब्याचा उजेड, आणि पोरीच्या गालावरून पाणी वाहत होतं. काय करते ते मला कळलं नाही, पण वाईट करते एवढं कळलं. सामायिकात होते, बोलता येत नव्हतं. नंतर येत होतं. तरी दोन दिवस गप्प बसले, ते पाप माझं. आणि तू तिला ते पत्र लिहायला लावलंस, तेव्हाही मी इथंच बसले होते. तेव्हा तर सामायिकही नव्हतं." त्या डिंपलकडं वळल्या. "लिही बेटा. तुझ्या नावानं लिही."

डिंपलनं लिहिलं. पाच ओळी, एकही चूक नाही, खाली पूर्ण नाव. शेठ तोंड फिरवून उभे होते.

सोमवारी साडेनऊला उत्तर आलं. वृषालीनं मंगळवारी हजर व्हावं. चांगदेवनं भर पेठेत माझे हात धरले, मला बोलू देईना. स्वराजनं जीपमधून तिला स्टँडवर सोडलं, बॅग एसटीत ठेवून दिली आणि आणे पठाराकडं निघून गेला. डिंपलला भेटायला वृषाली गेली नाही.

मला मात्र परत जावं लागलं. शेठचा निरोप होता, मुख्य कॉम्प्युटर आतल्या खोलीतून काढा आणि पुन्हा गल्ल्यावर बसवा. उंदरांचं काय ते बघू. आणि डिंपलनं दुकानात पाय ठेवायचा नाही, हेही त्यांनी जिनेशला माझ्यादेखत बजावलं.

कॅबिनेट सोडवताना डिंपल मदतीला आली. वायरी तिनं काढल्या, प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहिलं. माझ्याकडं कामाला आलेल्या एकाही पोरानं आजवर एवढं नीट काम केलेलं नाही. शेठ दारातच खुर्ची टाकून बसले होते.

शेवटची वायर माझ्या हातात देताना तिनं हळूच विचारलं, "भागूभाऊ, तुमच्याकडं दुरुस्तीच्या कामाला मुली चालतात का?"

मी दाराकडं बघितलं. शेठ माझ्याकडंच बघत होते.

"बघतो," मी म्हणालो, आणि कॅबिनेट खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर त्या घरी मी कधी गेलो नाही.